पाच नंबर

डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिलं, त्याखाली ‘मीठ कमी’ आणि त्याखाली घाईघाईत ‘मध्यम व्यायाम, रोज 30 मि.’ माझं वय 44. प्रेशर 150 वर 96, तेही तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यामुळे ‘आज दगदग झाली असेल’ म्हणायची सोय उरली नव्हती. मी विचारलं, “मध्यम म्हणजे?” ते म्हणाले, “अहो, म्हणजे फार जास्त नाही आणि अगदीच कमी नाही.” बाहेर नऊ पेशंट ताटकळले होते. मी उठले.

जिना उतरताना मला हसू फुटलं. वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला एकांनी विचारला होता आणि मीही जवळपास हेच उत्तर दिलं होतं. फरक एवढाच, की माझे ‘पेशंट’ बारा पांढरे उंदीर होते आणि विचारणारे गृहस्थ एक्स्टर्नल एक्झामिनर होते.

2006 साल. एम.फार्म.चं दुसरं वर्ष. नौपाड्यातून चालत ठाणे स्टेशन, तिथून वाशीची गाडी. ही लाइन सुरू होऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झाली होती, त्यामुळे दुपारच्या गाडीत चक्क पाय पसरून बसता यायचं. ऐरोली, रबाळे, घणसोली. डाव्या हाताला कारखान्यांच्या शेड आणि त्यांच्यामागे पारसिकचा डोंगर. कॉलेज नवी मुंबईत, आणि अॅनिमल हाउस, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायची जागा, कॉलेजच्या मागच्या अंगाला, एसीच्या गारव्यात भुशाचा आणि लघवीचा मिसळलेला वास घेऊन उभं. तो वास ओढणीत बसायचा. गाडीत शेजारची बाई हळूच सरकून बसली, की समजायचं आज पिंजरे बदलायचा दिवस होता.

प्रयोग साधा होता. विस्टार जातीचे नर उंदीर (आम्ही त्यांना रॅटच म्हणायचो, कारण ‘उंदीर’ म्हटलं की अॅनिमल हाउसचे मामा विचारत, “पिंजऱ्यातला की किचनमधला?”) घ्यायचे, पिण्याच्या पाण्यात 10 टक्के फ्रुक्टोज (फळांतली साखर) मिसळायचं आणि त्यांचं प्रेशर हळूहळू चढू द्यायचं. मग अर्ध्यांना फिरत्या पट्ट्यावर पळवायचं, अर्ध्यांना बसवून ठेवायचं, आणि पळणाऱ्यांचं प्रेशर उतरतं का ते बघायचं. या कामासाठी जगभर जो रॅट वापरतात तो वेगळा. क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी 1963 मध्ये वाढलेलं प्रेशर असलेल्या रॅटची पिढ्यान् पिढ्या निवड करून एक वाण काढलं. साखर नको, मीठ नको, वयात येताना त्याचं प्रेशर आपसूक चढतं. आमच्या कॉलेजला तो परवडण्यातला नव्हता. आम्ही साखरेवरच भागवलं.

प्रेशर शेपटीवर मोजायचं. रॅटला एका नळीत सरकवायचं, शेपटी बाहेर, शेपटीवर छोटासा कफ (आपल्या दंडाला बांधतात तसला). शेपटी गार असेल तर रक्त नीट धावत नाही आणि ठोका सापडत नाही, म्हणून आधी ऊब द्यायची. पहिल्या आठवड्यातले आकडे फेकूनच द्यायचे, कारण नळीत कोंडलेला जीव घाबरतो आणि घाबरला की प्रेशर चढतं. दवाखान्यात माझं चढतं, तसंच. रोज नळीत घालून, काही न करता बाहेर काढून, त्यांना त्याची सवय करायची. आठ-दहा दिवसांनी ते नळीत झोपायलाही लागले. प्रेशर 120 च्या आसपास होतं, ते साखरेच्या पाण्यावर 140 च्या घरात गेलं. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं.

मग पट्टा. सहा कप्प्यांची ट्रेडमिल, प्रत्येक कप्प्याच्या मागच्या टोकाला तारांची जाळी, तिच्यात सौम्य करंट. मागे पडलास तर चटका. मी एका पेपरमधून वेग उचलला, मिनिटाला 20 मीटर, चढ शून्य, रोज अर्धा तास, आठवड्याला पाच दिवस. पेपरात त्याला ‘मध्यम तीव्रता’ म्हटलं होतं. (तीव्रता हा शब्द तोवर मी फक्त भूकंपाच्या बातमीत वाचला होता.) मिनिटाला 20 मीटर म्हणजे ताशी 1.2 किलोमीटर. तलावपाळीवर भेळ खात फिरणारं जोडपंही याहून जोरात चालतं. पण रॅट शेपटी सोडली तर साधारण वीतभर लांब, म्हणजे मिनिटाला तो आपल्या लांबीच्या शंभर पट अंतर कापतोय. माझी उंची 160 सेंटीमीटर. त्या हिशेबाने मला ताशी साडेनऊ किलोमीटरच्या वर पळावं लागेल. जनावराचं आकारमान बदललं की असे त्रैराशिक हिशेब लंगडे पडतात, हे मला माहीत आहे. तरी वहीत ‘20’ लिहिताना हा आकडा कुणाच्या पायांत उतरणार आहे, एवढा विचारही मी केला नव्हता.

मामांनी तो केला होता. अॅनिमल हाउसचे मामा म्हणजे कोपरखैरणे गावातले, पन्नाशी ओलांडलेले, नववी पास. प्रत्येक कॉलेजात असतात तसे मामा. रॅटच्या अंगावर पिक्रिक अॅसिडने पिवळे ठिपके मारून नंबर द्यायचं काम त्यांचं. डोक्यावर ठिपका म्हणजे एक, पाठीवर दोन, असं. माझ्या हातात स्टॉपवॉच असायचं. ते हात मागे बांधून बघत उभे राहायचे.

तिसऱ्या दिवशी दोन रॅट मागे जाऊन जाळीपाशी बसायला लागले. तीन नंबर आणि पाच नंबर. मी दोघांच्या नावापुढे काट मारली. मामा म्हणाले, “ताई, तीन नंबर नाटकी आहे. त्याला एक पाय तारेवर ठेवला की कमी लागतं, हे कळलंय. बघा, करंट बंद केला तरी तिथेच बसेल.” मी बंद केला. तो तिथेच बसला आणि मिशा साफ करू लागला. “पाच नंबर नाटक करत नाही. त्याचं पोट बघा.”

मी वाकून बघितलं. बाकीच्या रॅटचं पोट पट्ट्यापासून बोटभर वर होतं. पाच नंबरचं पोट पट्ट्याला घासत होतं. मागचे पाय बाहेर फाकले होते, उडी घेतल्यासारखी चाल जाऊन पाय ओढल्यासारखी झाली होती, आणि तो जाळीला शिवल्यावर दचकत होता, पुन्हा पुढे जात होता, पुन्हा मागे सरकत होता. तीन नंबरने एकदाही असं केलं नाही.

पुढे बरंच वाचल्यावर मला कळलं, की मामा जे बघत होते त्यालाच शास्त्रात दमल्याची लक्षणं म्हणतात. चाल बिघडणं, अंग खाली जाणं, चटका बसूनही ठरावीक सेकंदांत पट्ट्यावर परत न येणं, आणि अगदी टोकाला, पाठीवर उलटा ठेवला तर स्वतःहून सरळ होता न येणं. दमणं आणि टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी. माझ्या वहीत दोन्हींसाठी एकच काट होती.

गाइड मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “नॉन-रनर आहे, काढून टाक, सगळे काढतात.” खोटं नव्हतं ते. न पळणारे रॅट वगळल्याची ओळ कितीतरी पेपरांत सापडते, आणि उरतात ते मुळातच पळायला बरे असणारे. म्हणजे व्यायामाने प्रेशर उतरतं, हे आपण ज्यांना व्यायाम जमतो त्यांच्यावर सिद्ध करतो. हे मला तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी तीन आणि पाच दोघांनाही वगळलं. प्रबंधात एक ओळ घातली, ‘दोन प्राण्यांनी धावण्यास नकार दिल्याने ते वगळण्यात आले.’

नकार! पाच नंबर चौदा दिवस रोज धावत होता.

गणेश चतुर्थीला मामांनी पट्टा चालू करू दिला नाही. “आज यांना पळवायचं नाही, आज यांच्या मालकाचा वाढदिवस.” माझ्या नोंदीत त्या तारखेला ‘विजेचा बिघाड’ लिहिलेलं आहे.

तोंडी परीक्षेला आलेले एक्स्टर्नल पुण्याचे, बुटके, गळ्यात मफलर. त्यांनी माझे ग्राफ उलटे-सुलटे बघितले. मग विचारलं, “मिनिटाला 20 मीटर. हा वेग कोणासाठी मध्यम?” मी म्हटलं, “सर, फार जास्त नाही आणि फार कमी नाही.” ते रागावले नाहीत. खडू घेऊन फळ्यापाशी गेले आणि पुढची वीस मिनिटं मला ते शिकवलं, जे मी दोन वर्षांत शिकायला हवं होतं.

त्यांचं म्हणणं असं. पट्ट्याचा वेग हा पट्ट्याचा गुण आहे, रॅटचा नव्हे. आधी प्रत्येकाची ताकद मोजायची. मिनिटाला सहा मीटरपासून सुरुवात करून दर तीन मिनिटांनी तीन मीटर वाढवायचे, आणि कोण कुठे थांबतो ते लिहायचं. समजा एक रॅट 30 ला थांबला आणि दुसरा 21 ला. 60 टक्क्यांचा व्यायाम द्यायचा तर पहिल्याला 18 चा वेग आणि दुसऱ्याला 13 च्या थोडा खाली. माझा 20 चा वेग पहिल्याला दोन तृतीयांश, दुसऱ्याला नव्वद टक्क्यांच्या पुढे. “तुम्ही एकाला फिरायला नेलंत आणि दुसऱ्याला पोलिस भरतीला,” असं ते म्हणाले.

आणि हे एकदा करून भागत नाही. चार आठवड्यांनी तोच रॅट 36 पर्यंत जायला लागला, की त्याचे 18 म्हणजे आता 50 टक्केच. आकडा तोच, व्यायाम हलका झाला. म्हणून चाचणी पुन्हा पुन्हा. माझ्या आठ आठवड्यांत मी ती एकदाही केली नव्हती.

पुढे त्यांनी ऑक्सिजनचं सांगितलं. बंद कप्प्यात पट्टा ठेवून रॅट किती ऑक्सिजन ओढतो ते मोजायचं. कितीही वेग वाढवला तरी ज्या ठिकाणी ऑक्सिजन वाढेनासा होतो, ती त्याची कमाल, आणि तिच्या टक्क्यांत व्यायाम सांगायचा. हे यंत्र महाग, म्हणून बरेच जण 1979 मध्ये बेडफर्ड आणि सहकाऱ्यांनी रॅटवर मोजलेले आकडे घेतात आणि वेगावरून टक्के काढतात. त्यांचे रॅट वेगळे, आपले वेगळे. वय वेगळं, जात वेगळी, प्रेशर वेगळं. म्हणजे दुसऱ्याच्या अंगाच्या मापाने शिवलेला सदरा.

टक्के खरोखरच महत्त्वाचे असतात, हे दाखवणारा एक अभ्यास त्यांनी सांगितला, तो मी नंतर शोधून वाचला. ब्राझीलमधला, 1997 चा, क्योटोच्या त्या वाणावर केलेला. कमाल ऑक्सिजनच्या 55 टक्क्यांवर पळवलेल्या रॅटचं प्रेशर उतरलं. 85 टक्क्यांवर पळवलेल्यांचं उतरलं नाही. हळू पळणाऱ्यांचं हृदय बसल्या वेळी सावकाश पडायला लागलं होतं आणि कमी रक्त ढकलत होतं, त्यातून प्रेशर खाली आलं. मला तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतं, की या अभ्यासातले टक्के काढून टाकले आणि ‘व्यायाम केला’ एवढंच ठेवलं, तर एका गटातला फरक दुसऱ्या गटात विरून जाईल आणि निष्कर्ष निघू शकेल, ‘व्यायामाचा उपयोग नाही.’ माझ्या सरासरीतही असं काहीतरी झालं असणार.

वर्गातल्या एका मैत्रिणीने रॅट पट्ट्यावर पळवण्याऐवजी बाहेरच्या हौदासारख्या टाकीत पोहवले होते, ते तिला बरं वाटायचं. तिचा घोळ निराळाच. रॅटच्या केसांत हवा अडकते, तो निवांत तरंगत राहतो. लठ्ठ असेल तर आणखी निवांत. म्हणून शेपटीला वजनाच्या काही टक्के भार बांधायचा. पाच टक्के सगळ्यांना सारखे वाटतात, पण फुगलेल्याला ते हलके आणि सडपातळाला जड. दोघं एकत्र टाकले की एकमेकांच्या पाठीवर चढून विश्रांती घेतात. यावर ज्यांनी नीट काम केलं, ते शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट (जोरात राबणाऱ्या स्नायूंतून रक्तात उतरणारं द्रव्य) मोजतात. ठरावीक भारावर दहाव्या मिनिटापासून पुढे लॅक्टेट एका मिलिमोलपेक्षा जास्त चढलं नाही, तर तो भार त्या जिवाला निभावतोय. चढतच राहिलं, तर निभावत नाही. मला ही पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण ती उत्तर त्या शरीरातूनच काढते. पण त्यासाठी शेपटीला सुई टोचायची. मोजणंही फुकट नसतं.

चटक्याचं तर बोलायलाच नको. चटका बसला की भीती, भीतीने प्रेशर. आणि तेही कधी? रॅट रात्रीचे प्राणी. आम्ही त्यांना सकाळी अकराला पळवायचो, म्हणजे त्यांच्या ऐन झोपेत. मला कुणी रात्री अडीचला उठवून घोडबंदर रोडवर पळवलं, तर माझं प्रेशर उतरेल की चढेल? त्याच रॅटच्या पिंजऱ्यात चाक ठेवलं, तर तो रात्री आपण होऊन पळतो, आणि एका रात्रीत काही किलोमीटर जातो. मोजणं सोपं, चटका नाही, फक्त तीव्रता आपल्या हातात राहत नाही. ती त्याच्या हातात असते.

मला ‘ब’ श्रेणी मिळाली. त्या एक्स्टर्नलनी जाताना विचारलं होतं, “ते दोन वगळलेले, त्यांचं प्रेशर काय झालं?” मी त्यांचं प्रेशर पुन्हा मोजलंच नव्हतं. वगळल्यावर कशाला मोजायचं?

तर आता मी. गोळी मेटोप्रोलॉलची. मनगटावर मुलीने दिलेलं घड्याळ. ते 220 मधून वय वजा करतं, 176 धरतं आणि त्याच्या टक्क्यांवर मला हिरवं, पिवळं, लाल दाखवतं. पहिले पंधरा दिवस कचराळी तलावाला फेऱ्या मारल्या. महापालिकेच्या इमारतीला लागून हा तलाव, सकाळी सहाला इथे चप्पल ठेवायला जागा नसते. घड्याळ म्हणत होतं हलका व्यायाम, मलाही हलकं वाटत होतं, सगळं छान.

मग एका रविवारी उपवनला उतरून येऊरचा रस्ता चढायला घेतला. दुसऱ्या वळणावर माझी छाती भात्यासारखी हलायला लागली. घड्याळात बघितलं, ठोके 108. हिरवा रंग. ‘थोडा वेग वाढवा’ असा निरोपही आला. मी कठड्याला टेकले आणि मला चौदा दिवस धावणारा पाच नंबर आठवला.

मेटोप्रोलॉल प्रेशर उतरवतो, पण हृदयाचा वेगही बांधून ठेवतो. शरीर कितीही धापलं तरी ठोके फारसे चढत नाहीत. त्यामुळे घड्याळाचं 176 माझ्यापुरतं खोटं, त्याचे टक्के खोटे आणि तो हिरवा रंग तर फारच खोटा. हे मला डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. बाहेर नऊ पेशंट होते.

स्वीडनच्या गुनार बोर्ग यांनी यावर फार साधा तोडगा काढला होता, माणसालाच विचारायचं. किती त्रास होतोय, 6 ते 20 मधला आकडा सांग. सहापासून का, तर धडधाकट तरुणाच्या बाबतीत त्याला दहाने गुणलं की साधारण ठोके येतात, 6 म्हणजे 60, 20 म्हणजे 200. माझ्या बाबतीत तो गुणाकार गोळीने मोडला, पण आकडा शिल्लक राहिला. त्या वळणावर माझा आकडा 16 होता. रॅटला हे विचारता येत नाही. म्हणून तर ऑक्सिजन, लॅक्टेट, पोट पट्ट्याला लागतंय का. ही सगळी धडपड न बोलणाऱ्याकडून एक आकडा काढून घेण्याची.

मला बोलता येत होतं, आणि तरी मी मनगटाकडे बघत होते.

गेल्या महिन्यात मुलगी सोबत आली. अकरावीत आहे, उतारावरही उड्या मारत चालते. तिला मी बोलण्याची परीक्षा सांगितली. चालताना बोलता यायला हवं, पण गाता आलं तर समजायचं आपण उगाच टंगळमंगळ करतोय. ती म्हणाली, “तू गाऊ नकोस, प्लीज. पाढे म्हण.” एकोणतीसचा. माझा लहानपणी हुकमी होता, वडील झोपेतून उठवून विचारायचे.

उपवनच्या काठाने सपाट रस्त्यावर मी सुरू केला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. पहिल्या चढावर चोक एकशे सोळा, जरा सावकाश. मुलगी उलटी चालत माझ्या तोंडाकडे बघत होती, हात मागे बांधून.

“एकोणतीस पंचे,” मी म्हटलं, “एकशे… पंचेचाळीस.”

“हळू कर,” ती म्हणाली.

मी हळू केलं. मागून एक ग्रुप आमच्या बाजूने पुढे निघून गेला, सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं.

“एकोणतीस सक…”

“घाई नाहीये, आई.”

“एकशे चौऱ्याहत्तर.”